वैमानिक वीर श्रीकृष्ण वेलिणकर

दर्यावर गेलेल्या माणसाची वाट पाहणे म्हणजे काय, हे आम्हां कोळी मंडळींस सांगावे लागत नाही. म्हणूनच ज्ञातीचा विचार बाजूस ठेवून मुंबईचे वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर ह्यांची हकीकत बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

पहिल्या महायुद्धाच्या काळी हिंदी तरुणास सेनाधिकाऱ्याचे पद मिळणे दुरापास्त होते. तरीही इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक प्रभृतींप्रमाणे वेलिणकरही ब्रिटिश हवाई दलात अधिकारी झाले. २३ व्या स्क्वाड्रनमधून फ्रान्सच्या रणभूमीवर ते डॉल्फिन जातीचे लढाऊ विमान चालवीत. त्या वैमानिकांस हवाई छत्री दिली जात नसे. विमान पेटले तर सुटका नसे. जून १९१८ मध्ये त्यांचे विमान जर्मनांच्या ताब्यातील मुलुखात पडले व ३० जून रोजी त्यांचा अंत झाला. फ्रान्समधील हांगार गावच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

दर्याने नेलेल्यांची समाधी कोठे बांधणार? निदान त्यांची नावे व साले कफ परेडच्या आमच्या मच्छीमार नगरातील वडीलधाऱ्यांनी पुढील स्मरणिकेसाठी लिहून द्यावीत, ही नम्र विनंती.