यॉर्कच्या जुन्या शहरातून चालताना

इंग्लंडच्या उत्तर भागातील यॉर्क या शहरात शिरण्यापूर्वी दोन शब्द समजून घ्यावे लागतात. तिथे रस्त्याच्या नावाला ‘गेट’ जोडलेले असेल तर ते दार नव्हे, तो रस्ताच. व्हायकिंग लोकांच्या जुन्या बोलीतला रस्त्याचा शब्द तिथे हजार वर्षे टिकून राहिला आहे. आणि तटबंदीतली खरीखुरी वेस असते तिला म्हणतात ‘बार’. म्हणून मिकलगेट म्हणजे मोठा रस्ता आणि मिकलगेट बार म्हणजे त्या रस्त्यावरची वेस. बेळगाव, ग्वाल्हेर किंवा बडोद्याच्या जुन्या भागात राहणाऱ्यांना हे लवकर कळेल. आपल्याकडेही वेस केव्हाच पडते, पण पत्त्यात तिचे नाव राहते. यॉर्कच्या वेशी मात्र अजून उभ्या आहेत आणि सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीच्या तटावरून आजही चालता येते.

असे शहर पाहायला वाटाड्या हवाच असे नाही. ध्वनिफीत आधीच मोबाईलवर उतरवून घ्यायची, इअरफोन लावायचा आणि नकाशावरच्या एकेका थांब्यावर उभे राहून ऐकायचे. गटामागे धावपळ नाही. एखाद्या चर्चमध्ये अर्धा तास बसावेसे वाटले तर आवाज थांबवून बसता येते. माझी एकच सूचना आहे: इअरफोन एकाच कानात ठेवा. दुसरा कान घंटांसाठी आणि मागून येणाऱ्या सायकलींसाठी मोकळा असू द्या.

पण या सोयीत एक मेख आहे. नकोसा थांबा बोटाच्या एका स्पर्शाने वगळता येतो. यॉर्कमध्ये असा एक थांबा आहे, जो वगळण्याचा मोह ख्रिस्ती माणसालाच अधिक व्हावा. मी तो मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

थांब्याथांब्यावर गोष्ट ऐकणे यॉर्ककरांना नवीन नाही. फरक एवढाच की पूर्वी ऐकणारे उभे राहत आणि गोष्ट त्यांच्यापर्यंत चालत येई. ख्रिस्तशरीराच्या सणाला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, पहाटे साडेचारच्या सुमारास मिकलगेटजवळच्या टॉफ्ट ग्रीन या मोकळ्या जागी लाकडी गाडे जमत. प्रत्येक गाड्यावर पवित्र शास्त्रातला एकेक प्रसंग. पहिल्या गाड्यावर सृष्टीची उत्पत्ती, शेवटच्या गाड्यावर अंतिम न्याय, आणि मध्ये पन्नासच्या आसपास नाटुकली. गाडा एका थांब्यावर खेळ करी, मग माणसे तो ओढत पुढच्या थांब्यावर नेत आणि तोच खेळ पुन्हा होई. असे सुमारे बारा थांबे होते. या खेळांचा सर्वांत जुना उल्लेख 1376 चा आहे, आणि 1415 मध्ये शहराच्या कारकुनाने कोणता खेळ कोणाकडे याची यादीच लिहून ठेवली.

खेळ करणारे धर्मगुरू नव्हते. ते कारागीर होते आणि वाटणी त्यांच्या धंद्याप्रमाणे झालेली होती. नोहाचे तारू जहाज बांधणारे बांधत, जलप्रलय कोळी आणि खलाशी दाखवत, पूर्वेकडील ज्ञानी लोकांची भेट सोनार करीत आणि शेवटचे भोजन रोटी भाजणारे. येशूचा मृत्यू खाटकांकडे होता. क्रुसावर खिळण्याचा प्रसंग खिळे-टाचण्या बनवणाऱ्यांकडे!

हा खिळेवाल्यांचा खेळ वाचताना अंगावर काटा येतो. चार शिपाई क्रूस जमिनीवर ठेवून काम करतात आणि सगळा वेळ कामाबद्दलच बोलतात. भोके चुकीच्या जागी पाडली आहेत, हात तिथवर पोचत नाही, दोरी लावून ओढा. क्रूस उचलताना खांदे दुखतात. खाच रुंद झाली म्हणून क्रूस हलतो, मग पाचरी ठोका. त्यात रोजच्या कामाच्या कुरबुरीइतका द्वेषही नाही. येशू फक्त दोनदा बोलतो, आणि त्यातल्या एका वेळी या माणसांसाठी क्षमा मागतो. रस्त्यात उभे असलेले प्रेक्षक त्या शिपायांना ओळखत होते, कारण ते त्यांचेच शेजारी होते. भले काम करणारे, संध्याकाळी घरी जाणारे. शुक्रवारी आपण क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने करतो तेव्हा मला ही चार माणसे आठवतात.

धर्मसुधारणेनंतरच्या काळात हे खेळ बंद पडले. शेवटचा खेळ 1569 मध्ये झाला. हस्तलिखित मात्र उरले, ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि त्याच्या आधारे 1951 मध्ये यॉर्कच्या सेंट मेरीज मठाच्या भग्न भिंतींसमोर हे खेळ पुन्हा उभे राहिले.

म्हणून चालण्यासाठी गाड्यांचाच मार्ग घ्यावा असे मला वाटते: मिकलगेटने उतरत ऊझ नदीच्या पुलावर, तिथून कोनी स्ट्रीट आणि स्टोनगेटने महामंदिराकडे, आणि परत फिरून पेव्हमेंट नावाच्या बाजारचौकात. पुलाच्या अलीकडे डावीकडे वळून नॉर्थ स्ट्रीटवरचे ऑल सेंट्स चर्च चुकवू नका. तिथे पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची रंगीत काचेची एक खिडकी आहे. दाढी असलेला एक सुखवस्तू गृहस्थ भुकेल्याला अन्न देतो, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र. आजाऱ्याची विचारपूस करतो, बंदिवानाला भेटतो. चित्रे सहाच आहेत, कारण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात कृत्ये सहाच सांगितली आहेत. हाच अध्याय शेवटच्या गाड्यावरही असे. अंतिम न्यायाचा तो खेळ श्रीमंत कापड व्यापाऱ्यांकडे होता. त्यांच्या गाड्याच्या सामानाची 1433 ची यादीसुद्धा टिकून आहे. परक्याला आसरा देणारे ते चित्र जरा निरखून पाहून ठेवा. पुढे लागेल.

पुलावर एका बाईंची आठवण आहे. मार्गारेट क्लिदरो ही शॅम्बल्स या खाटकांच्या गल्लीतल्या एका खाटकाची बायको. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक धर्मगुरूंना घरात लपवणे हा देहदंडाचा गुन्हा होता. ती लपवत असे. 1586 मध्ये पकडली गेल्यावर तिने न्यायालयात ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ काहीच म्हणायला नकार दिला. खटला चालला असता तर तिच्या मुलांना साक्षीला उभे केले असते. उत्तर न देणाऱ्याला तेव्हाच्या कायद्यात एकच शिक्षा होती: अंगावर दार ठेवून त्यावर वजन चढवत जायचे. 25 मार्चला, देवदूताच्या निरोपाच्या सणादिवशी, पुलावरच्या नाक्यापाशी तिला असे चिरडून मारले. 1970 मध्ये पोप पॉल सहावे यांनी तिला संत जाहीर केले. शॅम्बल्समध्ये तिचे छोटे प्रार्थनास्थळ आहे. त्या गल्लीत पर्यटकांची रेटारेटी इतकी की बाहेरून कोणाला पत्ता लागू नये, आत मात्र शांत असते. मांस टांगायचे आकडे आणि बाहेर आलेल्या फळ्या काही दुकानांवर अजून दिसतात.

याच पिढीतला एक इंग्रज कॅथलिक देश सोडून रोमला गेला, येशूसंघात दाखल झाला आणि 1579 च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला. ते म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. मार्गारेट यॉर्कच्या तुरुंगात जा-ये करत होती तीच ही वर्षे. 1616 मध्ये राचोलला छापलेले त्यांचे ख्रिस्तपुराण आपल्यापर्यंत आले, त्याच्या मागे इंग्लंडमधली ही धरपकडही आहे.

स्टोनगेट संपले की महामंदिर समोर येते. तिथले लोक त्याला मिन्स्टर म्हणतात. सध्याची इमारत 1220 च्या सुमारास सुरू झाली आणि 1472 मध्ये अभिषिक्त झाली. अडीचशे वर्षे! बाहेर सम्राट कॉन्स्टंटाइनचा पुतळा आहे, कारण 306 मध्ये त्याच्या सैन्याने त्याला सम्राट म्हणून पुकारले ते याच शहरात. आतल्या पूर्वेकडच्या महाकाय खिडकीचे काम जॉन थॉर्नटन या काचकाराने 1405 ते 1408 या तीन वर्षांत केले, एकूण 56 पौंडांना. वरच्या भागात उत्पत्ती, खाली योहानाचे प्रकटीकरण. खालून पाहून सगळी चित्रे लागत नाहीत. मान दुखेपर्यंत प्रयत्न करण्यापेक्षा ध्वनिफितीत सांगितलेली चार-पाच शोधावीत.

याच जागेच्या आसपास 627 च्या ईस्टरला राजा एडविनने लाकडाच्या लहानशा चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. बीड हा जुना इतिहासकार सांगतो की राजाने घाई केली नाही. तो एकटा बसून विचार करी, सल्लागारांना विचारी, आणि मन तयार झाल्यावरच पुढे आला.

आता शेवटचा थांबा. पेव्हमेंटपासून कॅसलगेटने पाच-सात मिनिटे चालले की एक उंच हिरवी टेकडी आणि तिच्यावर दगडी बुरूज दिसतो: क्लिफर्ड्स टॉवर. दगडी बुरूज तेराव्या शतकातला. त्याआधी तिथे लाकडी बुरूज होता.

1190 च्या मार्चमध्ये यॉर्कमधली यहुदी कुटुंबे, सुमारे दीडशे माणसे, जिवाच्या भीतीने त्या बुरुजात शिरली. राजा रिचर्ड धर्मयुद्धाला निघाला होता आणि देशभर वातावरण तापलेले होते. आधल्याच वर्षी राज्याभिषेकाच्या दिवशी लंडनमध्ये दंगल झाली होती. तीत यॉर्कचा बेनेडिक्ट नावाचा यहुदी सापडला, त्याला जबरदस्तीने बाप्तिस्मा दिला गेला. दुसऱ्या दिवशी राजासमोर त्याने आपण यहुदीच असल्याचे सांगितले, आणि जखमांनी लवकरच तो मेला. यॉर्कमधल्या जमावाचे पुढारी रिचर्ड मालेबिससारखे सरदार होते, आणि ते यहुद्यांचे कर्जदार होते.

जवळच्याच न्यूबर्ग मठातल्या विल्यम या धर्मबंधूने ही हकिगत लिहून ठेवली आहे. त्याच्या मनातही यहुद्यांविषयी आकस होता, तरी त्याने काही लपवले नाही. तो लिहितो की वेढ्यात पांढऱ्या झग्यातला एक संन्यासी होता. तो रोज सकाळी मिस्सा अर्पण करी आणि मग जमावाला चिथावत भिंतीपाशी जाई. वरून पडलेल्या दगडाखाली तो मेला.

16 मार्चच्या रात्री, वल्हांडणाच्या आधीच्या शब्बाथाला, सुटका नाही हे पाहून आत असलेले विद्वान रब्बी योम तोव यांच्या सांगण्यावरून बहुतेकांनी स्वतःच्या हातांनी आपल्या माणसांचे आणि स्वतःचे प्राण घेतले. बुरुजाला आग लागली. थोडे जण उरले. बाप्तिस्मा घ्याल तर जीव वाचेल असे त्यांना सांगण्यात आले. ते बाहेर आले, आणि त्यांना कापून काढले. एडविनला विचार करायला जेवढा वेळ मिळाला तेवढी मिनिटेही यांना मिळाली नाहीत.

त्यानंतर जमाव मिन्स्टरमध्ये गेला. कर्जाचे दस्त तिथे ठेवलेले होते. पहारेकऱ्यांना धमकावून ते बाहेर काढले आणि चर्चच्या मधोमध जाळले. राजाच्या माणसांनी पुढे दंड बसवले, पण या खुनांसाठी कोणालाही देहदंड झाला नाही. 1290 मध्ये तर राजा एडवर्ड पहिला याने सगळ्याच यहुद्यांना इंग्लंडबाहेर काढले. म्हणजे नॉर्थ स्ट्रीटवरची ती खिडकी रंगवली गेली तेव्हा शहरात आसरा मागायला एकही यहुदी कुटुंब उरले नव्हते.

ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा दोष सरसकट यहुद्यांवर टाकता येत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये स्पष्ट सांगितले. टेकडीच्या पायथ्याशी स्मृतिफलक लागला 1978 मध्ये. उतारावर डॅफोडिलची पिवळी फुले लावलेली आहेत. त्यांच्या सहा पाकळ्या दाविदाच्या ताऱ्याची आठवण देतात आणि ती साधारण मार्चमध्येच फुलतात. इथे ध्वनिफीत थांबवून थोडा वेळ नुसते उभे राहावे, माहिती नंतरही ऐकता येते.

रब्बी योम तोव कवी होते. क्षमेसाठी त्यांनी लिहिलेले एक हिब्रू गीत प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी अनेक सभास्थानांत आजही गायले जाते. त्याच्या प्रत्येक कडव्याचा शेवट, देवाने क्षमा केल्याच्या शब्दावर होतो.