कंट्रोल-सी आणि ‘म’: कळफलकाची मांडणी बदलली की आज्ञा का अडतात?

चेन्नईहून बंगळूरूकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे चाळीस किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर लागते. रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून हे गाव शतकानुशतके ओळखले गेले. १९९१ च्या मे महिन्यात राजीव गांधींची हत्या येथे झाली आणि त्याचे नाव देशभर पोहोचले. पुढे २००६ साली नोकियाचा आणि २००७ साली डेलचा कारखाना येथे सुरू झाला व श्रीपेरुंबुदूर इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या बातम्यांत आले. नोकियाचे उत्पादन १ नोव्हेंबर २०१४ रोजी थांबले. संगणकांचे नाते मात्र टिकले. या बातम्यांत यंत्र कोठे जोडले जाते, किती रोजगार निर्माण होतात, याची चर्चा असते. त्या यंत्राच्या कळांवर कोणती लिपी छापली जाते, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. देशात विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपवर ती रोमनच असते.

मराठीत लिहिणाऱ्याला या गोष्टीची जाणीव एका विशिष्ट क्षणी होते. मांडणी मराठीवर बदललेली असते, मजकूर झरझर उतरत असतो, आणि एखाद्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-सी दाबल्यावर काहीच घडत नाही. कधी आज्ञा पाळली जाण्याऐवजी पडद्यावर ‘म’ उमटतो. अनेकांना कळफलकच बिघडला असे वाटते. प्रत्यक्षात यंत्र ठणठणीत असते. अडचणीचे मूळ साठ वर्षांपूर्वीच्या एका निर्णयात आहे.

१९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ ही अक्षरसंकेतांची प्रमाणपद्धती निश्चित झाली. तीत ‘सी’ या अक्षराचा क्रमांक ६७ आहे. कंट्रोलची कळ त्यातून ६४ वजा करते आणि उरतो ३, म्हणजे ‘मजकूर संपला’ हा संकेत. दूरमुद्रकांच्या काळातील ही युक्ती अतिशय काटकसरीची होती. पण तिने आज्ञेला कळीच्या जागेशी नव्हे, तर रोमन अक्षराशी बांधून टाकले. देवनागरी ‘म’चा युनिकोड क्रमांक २३५० आहे. त्यातून ६४ वजा करून काहीही हाती लागत नाही.

पुढच्या पिढीने हीच गाठ आणखी घट्ट केली. १९७६ च्या सुमारास बर्कली येथे बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा संपादक लिहिला. त्यांच्या टर्मिनलवर बाणांच्या खुणा एच, जे, के, एल या कळांवर छापलेल्या होत्या, म्हणून डावी-उजवीकडे, खाली-वर सरकण्यासाठी तीच अक्षरे वापरात आली. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापणे, प्रत घेणे व चिकटवणे या कल्पनांना आकार दिला. ॲपलने १९८३ च्या ‘लिसा’ संगणकात त्यांना एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या कळा दिल्या. कळफलकावर दुसरी लिपी कधी येईल, याचा विचार यांपैकी कशातच दिसत नाही.

भारतात त्याच दशकात हा विचार सुरू होता. आयआयटी कानपूर येथे आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांनी भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचे काम केले. ते ‘जिस्ट’ या नावाने १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅककडे आले. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली पुढे केलेली इनस्क्रिप्ट मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झाली. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ‘क’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ख’. आणि मराठी, बंगाली, तमिळ या सर्व लिप्यांत ‘क’ची जागा एकच. वर्णमालेची शास्त्रीय रचना इतक्या चोखपणे यंत्रावर उतरवणारी दुसरी मांडणी सापडणे कठीण. तमिळनाडूने मात्र १९९९ साली आपली ‘तमिळ ९९’ मांडणी स्वीकारली. त्यामुळे श्रीपेरुंबुदूरच्या एखाद्या संगणकावर ‘के’ची कळ इनस्क्रिप्टमध्ये ‘क’ देते, तर तमिळ ९९ मध्ये ‘म’. अक्षरांसाठी दोन्हींनी उत्तम सोय केली. आज्ञा मात्र जुन्या रोमन अक्षरांवरच राहिल्या. व्हीआयमध्ये इनस्क्रिप्ट चालू ठेवून सरकू पाहणाऱ्यापुढे एच, जे, के, एल यांच्या जागी प, र, क, त उभे राहतात, आणि संपादकाला त्यांचा अर्थ लागत नाही.

उपाय वेगवेगळ्या टप्प्यांवर निघाले. कळ दाबली की यंत्राकडून प्रथम फक्त तिच्या जागेचा क्रमांक येतो. अक्षर कोणते, हे कार्यप्रणाली नंतर ठरवते. विंडोजने या दोहोंच्या मध्ये एक आभासी क्रमांक ठेवला. मराठी इनस्क्रिप्टमध्येही ‘सी’च्या कळीचा तो क्रमांक ‘सी’चाच राहतो, म्हणून तेथे प्रत घेणे सहसा अडत नाही. लिनक्सवरील अनेक प्रोग्रॅम थेट अक्षर पाहतात. ‘म’ दिसला की यादीतील दुसऱ्या मांडणीत रोमन अक्षर शोधतात. यादीत एकटी मराठी ठेवली तर शोधायलाच काही उरत नाही. म्हणून इंग्रजी मांडणी कधी वापरायची नसली, तरी ती यादीत, शक्यतो पहिली, राहू द्यावी. व्हीआयचा वारसदार ‘व्हिम’ यात एक ‘कीमॅप’ची सोय आहे: प्रणालीची मांडणी इंग्रजीच ठेवायची आणि देवनागरी फक्त लेखनाच्या अवस्थेत चालू करायची. ब्राउझरमधील प्रोग्रॅमना आता कळीची जागा आणि तिचे अक्षर ही दोन्ही स्वतंत्रपणे कळतात. कशावर विसंबायचे हे प्रोग्रॅमकर्त्याने ठरवायचे असते.

मांडणी नकळत बदलण्याचा त्रास वेगळाच. विंडोजमध्ये आल्ट-शिफ्टने भाषा बदलते, कंट्रोल-शिफ्टनेही मांडणी बदलू शकते, आणि याच जोड्या कित्येक प्रोग्रॅमच्या आज्ञांतही येतात. सेटिंगमध्ये जाऊन त्या बंद कराव्यात आणि विंडोज-स्पेस एवढीच जोडी ठेवावी.

रोमन लिपी न सोडताही ही अडचण येते, हे रुपयाच्या चिन्हाने दाखवून दिले. आयआयटी मुंबईत शिकलेल्या तमिळ डी. उदय कुमार यांनी रेखाटलेले हे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी सरकारने स्वीकारले. विंडोजच्या ‘इंग्रजी (भारत)’ मांडणीत ते उजवी आल्ट आणि ४ यांवर आहे. विंडोज त्या उजव्या आल्टला कंट्रोल व आल्ट एकत्र दाबल्यासारखे मानते. त्यामुळे ज्या प्रोग्रॅमने कंट्रोल-आल्ट-४ ही जोडी स्वतःच्या आज्ञेसाठी राखली आहे, तेथे रुपया लिहायला जावे आणि ती आज्ञाच पार पडावी, असे होते. अमेरिकी मांडणीवर तीच उजवी कळ साधी आल्ट असते, आणि तेथे हा गोंधळ कधीच दिसत नाही.