चहा, बिस्किटें आणि मॅकरॉन

ठाण्याच्या उत्तरेस, कशेळीच्या पुलाच्या अलीकडे बाळकुम आहे. तेथील जुन्या वस्तीशेजारीं आतां उंच इमारती उभ्या राहिल्या असून, त्यांच्या पायथ्याशीं नव्यानेंच उघडलेल्या एका फ्रेंच धर्तीच्या बेकरींत आम्ही परवां सहकुटुंब गेलों होतों. तेथें 'मॅकरॉन' नांवाचें पक्वान्न मिळतें. बदामाचें पीठ, साखर व फेसलेला अंड्याचा पांढरा बलक यांच्या भाजलेल्या दोन चकत्या आणि मध्यें सारण, असें त्याचें रूप. एरवीं हा जिन्नस एकदोन घांसांचा. येथें मात्र तो तळहाताएवढा होता. दांत लागतांच वरची चकती फुटली, सारण बोटांवर आलें आणि मुलें हंसत सुटलीं. आमच्या मातुश्रींनीं "ह्यांत अंडें आहे ना रे?" एवढेंच विचारून बशी दूर सारली. कोणीं आग्रह केला नाहीं. कोणाचें बिनसलेंही नाहीं.

परक्याच्या भट्टींतला जिन्नस तोंडीं लावणें ही आपल्याकडे पूर्वीं इतकी सोपी गोष्ट नव्हती. मराठ्यांनीं १७३७ सालीं ठाणें व १७३९ सालीं वसई घेतली, तोंपर्यंत ह्या मुलखावर पोर्तुगिजांचा अंमल होता. 'पाव' हा शब्द त्यांचाच. विहिरींत पाव टाकून गांव बाटविल्याच्या कथा अद्यापि सांगितल्या जातात. मुंबईंत १८४९ सालीं स्थापन झालेल्या परमहंस सभेंत प्रवेश करणाऱ्यास ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे, तो ह्याच भीतीचा बीमोड करण्यासाठीं. परंतु सभा गुप्त होती. १८६० सालीं सभासदांचीं नांवें फुटलीं आणि सभा मोडली.

पुढें १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानानंतर मंडळींपुढें चहा व बिस्किटें आलीं. रानडे व टिळक हे दोघेही तेथें होते. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत छापविलीं. सनातन्यांनीं ग्रामण्य उभें केलें आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. अखेर १८९२ सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें व त्यापायीं सुधारकांचाही रोष पत्करला. एका पेल्यासाठीं केवढी ही यातायात! वाद चहाच्या चवीचा नव्हता. तो कोणाच्या हातचा, हा होता.

बाळकुमच्या बेकरींत भट्टीपाशीं कोण उभा आहे, हें आमच्यापैकीं कोणींच विचारलें नाहीं. एवढ्यावरून आपण ग्रामण्यांचा काळ मागें टाकला, असें समाधान मानीत आम्ही परतलों. परंतु घरीं येतांच स्वयंपाकघराच्या खिडकींत पालथा घातलेला एक कप दृष्टीस पडला. आमच्याकडे भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंचा तो कप. वर्षानुवर्षें तो निराळाच ठेविला जात होता आणि त्याचें कारण आम्हीं कधीं कोणास विचारलेंही नव्हतें. तो उचलून आम्हीं इतर कपांच्या ओळींत ठेविला. मातुश्रींनीं तें पाहिलें. त्या कांहींच बोलल्या नाहींत. पंचहौदच्या चहास सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटल्यावर आम्हांस हें सुचावें, ह्याची लाज मात्र वाटल्यावांचून राहिली नाहीं.