दुसरा रिमोट

दोघांतून एक निवडण्याचा त्रास आम्हांला गावाच्या नावापासूनच आहे. कारंजा (लाड) वाशिम जिल्ह्यात, आणि आमचे कारंजा (घाडगे) वर्धा जिल्ह्यात. कंसातला घाडगे सांगायचा राहिला की आमचे पाहुणे हमखास तिकडे जाऊन उतरत. त्यामुळे निवड चुकली की काय होते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

तर, परवा नागपुरात एका जुन्या सामानाच्या दुकानात दोन व्हिडिओ गेम दिसले. एक निंटेंडोची आठ बिटांची नक्कल आणि दुसरा सेगाचा अस्सल सोळा बिटांचा मेगा ड्राइव्ह. खिशात पैसे एकाचेच. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाने चष्म्याचा नंबर तपासावा, असे सौ.चे मत पडले. पण बी. कॉम. झालेला माणूस आधी पक्षकारांची पूर्वपीठिका तपासतो.

निंटेंडोची स्थापना १८८९ साली क्योटोत झाली, ती पत्ते तयार करण्यासाठी. १५ जुलै १९८३ रोजी तिने जपानात फॅमिकॉम काढला, किंमत १४,८०० येन. नेमक्या त्याच दिवशी सेगाने आपला पहिला घरगुती गेम, एस. जी. १०००, बाजारात आणला, १५,००० येनला. एका मुहूर्तावर दोन लग्ने असली की एका मांडवात वऱ्हाडी कमी पडणारच. ते सेगाच्या मांडवात पडले. १९८८ साली तिने मेगा ड्राइव्ह काढून उट्टे फेडले. फॅमिकॉमची कामचलाऊ स्मरणशक्ती २ किलोबाइट, तर मेगा ड्राइव्हची ६४. म्हणजे एक शिपाई आणि दुसरा मॅनेजर. (शाखेचे काम कोणावाचून अडते, हा प्रश्न वेगळा.)

आपल्याकडे फॅमिकॉमच्या नकलाच घरोघरी पोचल्या. मेगा ड्राइव्ह मात्र रीतसर आला. आयातीवरच्या ८० टक्के करातून वाट काढण्यासाठी सेगाने १९९५ साली शॉ वॉलेस कंपनीशी करार केला. भाव १८,००० रुपये!

मी तेव्हा दहावीत होतो, दादा बारावीत. संत्र्याचा बहार बरा आला होता. दादाने सेगाची जाहिरात बाबांपुढे ठेवली. बाबांनी आधी कंपनीचे नाव वाचले.

"हे तं दारूवाले ना रे?"

"दारूपण करतात, बाबा. पण हा गेम—"

"आपल्या जिल्ह्यात दारूबंदी हाय. अन् अठरा हजारात बैलजोडी येते."

बैलजोडी सोळा बिटांची नसते, हे सांगायची आमची छाती नव्हती. शेवटी सीताबर्डीवरून दीड हजाराची नक्कल आली. सोबत ९९,९९९ खेळांची एक कॅसेट. संध्याकाळपर्यंत मी ताळेबंद मांडला. खेळ निघाले सात. बाकीचे तेच, नाव बदलून. पुढे बँकेत थकलेले कर्ज नव्या खात्यावर कसे चढते ते वाचले, तेव्हा मला मुळीच नवल वाटले नाही.

दादा दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी कॉन्ट्रा लागला आणि सेगाचे नाव निघेनासे झाले. अस्सल फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटला 'स्टार्ट'चे बटण नव्हते, त्याऐवजी बोलायला मायक्रोफोन होता. आमच्या नकलेने मायक्रोफोन गाळला, उणीव मात्र इमानाने उतरवून घेतली. दुसरा रिमोट अर्थातच धाकट्याचा. सुरू करणे आणि थांबवणे दादाच्या हाती, गोळ्या झाडणे माझ्या.

कॉन्ट्रात एक धबधबा आहे. एकाने भराभर वर उड्या मारल्या की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला भाऊ फुकट मरतो. दादा वर जाऊन थांबायचा. "ये लवकर, पोट्ट्या!" म्हणून ओरडायचा, पण थांबायचा.

चार वर्षांपूर्वी बाबांच्या मागे बगीच्याची वाटणी झाली, तेव्हा आम्ही दोघेही थांबलो नाही. धुऱ्यावरच्या सहा झाडांवरून जो अबोला धरला तो धरला.

२००१ साली सेगाने घरगुती यंत्रे करणे सोडले, आणि त्याच वर्षी तिचा लाडका सॉनिक निंटेंडोच्या यंत्रावर पळू लागला. अठरा वर्षांच्या दुष्मनीचा हिशेब त्यांनी असा मिटवला. त्यांच्यात तर रक्ताचे नातेही नव्हते.

मी नक्कल उचलली.

"सोळा बिट सोडून हे काहून नेता, साहेब?" दुकानदार म्हणाला.

घरी टी. व्ही.ला वायरी जोडल्या. जन्मात पहिल्यांदा पहिला रिमोट हाती घेतला, दोघांचा खेळ निवडला, स्टार्ट दाबले. माझा शिपाई पळाला. दुसरा होता तिथेच उभा राहून मेला.

मी पुण्याला फोन लावला. दादाने सगळे ऐकून घेतले. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला,

"पहिला रिमोट कोणाच्या हातात हाय?"

"माझ्या."

"खाली ठेव. शनिवारी येतो."

मी ठेवला. सहा झाडांचा विषय कोणी काढला नाही. तो शनिवारी निघेल. पण त्या वेळी थांबवायचे बटण दादाच्या हाती असेल.