बिनपाण्याने हजामत

मराठीत एखाद्याची भर चौकात खरडपट्टी निघाली, की आपण म्हणतो, 'त्याची बिनपाण्याने हजामत झाली.' लहानपणी मला या वाक्यात फक्त गंमत दिसायची. पुढे दाढी फुटली, कोरड्या गालावर घाईघाईत ब्लेड ओढलं आणि दिवसभर मानेची आग आग झाली, तेव्हा कळलं की हा वाक्प्रचार ज्याने घडवला, त्याने ती आग स्वतः सोसलेली असणार.

शब्दांचा नाद असल्यामुळे मी हजामतीचेही शब्द तपासून पाहिले. 'हज्जाम' अरबीतला. मुळात तो तुंबड्या लावून रक्त काढणारा. 'वस्तरा' फारसीतल्या 'उस्तुरा'वरून आला. 'श्मश्रू' संस्कृतातला, त्याचा अर्थ दाढी-मिशा, पण मराठीत 'श्मश्रू करणे' म्हणजे त्या काढून टाकणे! तीन भाषा एका धोपटीत सुखाने नांदतात, याचं मला नेहमीच कौतुक वाटतं.

पण पाण्याची गोष्ट शब्दांहून जुनी आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात क्षौरकर्माचं एक छोटं सूक्त आहे. त्यात वस्तरा घेऊन सविता येतो आणि वायूला ऊन पाणी घेऊन यायला सांगितलं जातं. केस आधी भिजू देत, मग वस्तरा फिरू दे, असा तो क्रम. आजचा त्वचारोगतज्ज्ञ दाढीबद्दल पहिली सूचना हीच देतो. ऊन पाण्याने केस मऊ होतो, फुगतो, कमी जोरात कापला जातो आणि कातडीवर पात्याची ओढ कमी पडते. बौद्ध विनयपिटकात भिक्षूंना वस्तरा, त्याला धार लावायचा दगड आणि त्याची पिशवी जवळ ठेवायची परवानगी आहे. म्हणजे धारेची काळजी संन्याशालाही सुटलेली नव्हती. वात्स्यायनाचा नागरक तर रोज आंघोळ करायचा, पण दाढी चौथ्या दिवशी. मधले तीन दिवस कातडीला विसावा!

रोमन लेखक प्लिनीने न्हाव्याच्या हातून झालेल्या जखमेचं रक्त थांबवायला कोळ्याचं जाळं सांगितलं आहे. आपल्याकडे तुरटी होती. तिने कातडी आकसते, बारीक रक्त थांबतं. मात्र फार घासली तर कातडी कोरडी पडते, हेही खरं.

हे सगळं मला पुस्तकातून कळायच्या आधी आमच्या गल्लीतल्या नानांकडून कळलं होतं. कडुनिंबाखाली त्यांची लाकडी पेटी, समोर पोतं, पितळी वाटीत ऊन पाणी. ते आधी बोटांनी गाल चोळत. मग ब्रशने फेस करून तो तसाच राहू देत आणि तेवढ्यात चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा पुढेमागे करत. मला वाटायचं, म्हातारा वेळ काढतोय. खरं तर ते केस मुरण्याची वाट पाहत असत.

माझे केस कुरळे. एकदा मी म्हणालो, "नाना, उलटा हात मारा ना, गुळगुळीत होऊ दे."

नाना म्हणाले, "बाळा, तुझा केस वळणाचा आहे. उलटा कापला तर वळून तुझ्याच कातड्यात घुसंल. गुळगुळीत एक दिवस दिसशील, आठ दिवस खाजवशील."

नानांच्या त्या दोन वाक्यांत जे होतं, ते वैद्यकाने 1956 साली शास्त्रीय भाषेत मांडलं. स्ट्रॉस आणि क्लिगमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी दाढीनंतर येणाऱ्या या पुटकुळ्यांचं वर्णन केलं आणि त्यांना 'स्यूडोफॉलिक्युलायटिस' असं नाव दिलं. 'स्यूडो' म्हणजे आभासी; कारण दिसतं ते केसाच्या मुळाशी झालेल्या जंतुसंसर्गासारखं, पण सुरुवात असते ती वळून आत शिरलेल्या केसाची. तिरका कापलेला कुरळा केस टोकदार होतो आणि शेजारच्याच कातडीत रुततो. शरीर त्याला काट्यासारखा परका समजतं आणि तिथे फोड उठतो.

मग नानांचं शहाणपण मधल्या काळात हरवलं कुठे? त्याचं उत्तर दाढी घरी आली या घटनेत आहे. पॅरिसचा चाकू-सुऱ्या घडवणारा कारागीर झाँ-झाक पेरे याने 1769 साली स्वतःची दाढी स्वतः करायला शिकवणारं पुस्तक काढलं. सुताराच्या रंध्यावरून सुचलेला, पातं आत खोल जाऊ न देणारा वस्तराही त्याने केला. पुढे अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट याने वापरून टाकून द्यायच्या पातळ पात्याची कल्पना काढली. 1903 साली त्याचे अवघे 51 रेझर आणि 168 ब्लेड खपले. मग पहिलं महायुद्ध आलं. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा दाढीवर घट्ट बसेना. अमेरिकी सैन्याने जवानांना रेझर दिले आणि युद्ध संपल्यावर ते सवयीसकट घरोघरी गेले.

रोजची दाढी ही अशी रणांगणावरून आपल्या आरशापर्यंत आली. हत्यार घरी आलं, पण हात न्हाव्याकडेच राहिला. 1971 साली दोन पात्यांचा रेझर बाजारात आला. पहिलं पातं केस ओढून धरतं, दुसरं कापतं आणि केस कातडीच्या आत सरकतो. पुढे पाती तीन झाली, पाच झाली. सरळ केसाच्या माणसाला हे ठीक. कुरळ्या केसाला मात्र आतल्या आत वळायची वाटच मोकळी झाली.

याची सर्वांत जास्त किंमत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी मोजली आहे. त्यांचे केस घट्ट कुरळे आणि लष्कराचा नियम गुळगुळीत गालाचा. वैद्यकीय सवलतीची चिठ्ठी घ्यावी, तर पुष्कळांना ती बढतीच्या आड आल्यासारखी वाटे. नेब्रास्का राज्यातल्या एका पिझ्झा दुकानाने दाढी ठेवली म्हणून एका कृष्णवर्णीयाला कामावरून काढलं होतं. 1993 साली अपील न्यायालयाने दुकानाचा तो नियम अशा कामगारांवर अन्याय करणारा ठरवला. लष्करी दलांनी मात्र 2025 साली सवलती पुन्हा आवळल्या.

ही बातमी वाचताना मला माझी बी.ए. नंतरची पहिली नोकरी आठवली. रोज दाढी केलीच पाहिजे, असा तिथल्या साहेबांचा दंडक होता. माझी मान पुटकुळ्यांनी भरली. एकदा दोन दिवस दाढी वाढवून गेलो, तर फाटकावरूनच अर्ध्या दिवसाचा पगार कापून परत पाठवलं. पाणी न लावता केलेली हजामत ती हीच! चेहरा माझा, कातडी माझी. हुकूम मात्र दुसऱ्याचा.

म्हणून मला 1890 सालची मुंबई फार मोलाची वाटते. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तिथले न्हावी एकत्र आले आणि विधवांच्या केशवपनाला आमचा वस्तरा लागणार नाही, असं त्यांनी ठरवलं. पोटाचा धंदा असूनही ठरवलं. समोरच्याची इच्छा नसेल तिथे हात आवरायचा, हे त्या गरीब कारागिरांना कळलं होतं.

नाना आता नाहीत. मी घरीच दाढी करतो, पण त्यांच्या रीतीने. आंघोळीनंतर, ऊन पाण्याने, फेस दोन-तीन मिनिटं मुरवून. एकाच पात्याचा, धारदार रेझर. हात केसाच्या कलाने, कातडी न ताणता, एकाच जागी पुन्हा पुन्हा न फिरवता. शेवटी गार पाणी. पुटकुळी आलीच तर नखाने फोडायची नाही. काही आठवडे वस्तरा बंद ठेवला, की रुतलेला केस बहुधा आपणच बाहेर येतो. पू होऊ लागला किंवा डाग पडू लागले, तर डॉक्टर गाठायचा.

आणि थोडी खुंटं राहिली तर राहू द्यायची. परवा माझ्या मुलाने पहिल्यांदा रेझर हातात घेतला आणि विचारलं, "अब्बा, उलटा मारू?" मी त्याच्या गालावरून बोट फिरवलं. केस माझ्यासारखाच, वळणाचा. म्हटलं, "आधी पाणी तापव."