वुडस्टॉक ते मळवली : प्रतिसंस्कृतीतील रॉक महोत्सवाचे स्थान

‘प्रतिसंस्कृती’ ही संज्ञा थिओडोर रोझॅक यांच्या १९६९ मधील ग्रंथामुळे रूढ झाली. त्याच वर्षी १५ ते १८ ऑगस्ट या काळात न्यूयॉर्क राज्यातील बेथेल येथे, मॅक्स यास्गर यांच्या दुग्धशाळेच्या शेतावर वुडस्टॉक महोत्सव झाला आणि सुमारे चार लाख तरुण तेथे जमले. व्हिएतनाम युद्धासाठीची सक्तीची सैन्यभरती, वर्णभेदविरोधी लढे आणि उपभोगप्रधान मध्यमवर्गीय जीवनाचा वीट ही या समुदायाची पार्श्वभूमी होती. हिप्पींच्या दृष्टीने महोत्सव म्हणजे केवळ गाण्यांचा कार्यक्रम नव्हता. सत्ता, मालमत्ता आणि कुटुंबव्यवस्था यांना बाजूस सारून काही दिवस जगून पाहण्याचा तो प्रयोग होता. तिकिटे विकण्यासाठी योजलेल्या कार्यक्रमाला अखेरीस विनामूल्य प्रवेश द्यावा लागला, ही घटनाही त्या प्रयोगाला साजेशीच म्हणावी लागेल.

या प्रयोगाला भारताचा आधार हवा होता. महोत्सवाच्या प्रारंभी स्वामी सच्चिदानंदांचे प्रवचन झाले. पहिल्याच रात्री भर पावसात पंडित रविशंकर यांनी सतारवादन केले; तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर माया कुलकर्णी होत्या. त्याआधी, १९६६ मध्ये, जॉर्ज हॅरिसन सतार शिकण्यासाठी मुंबईत येऊन गेला होता. परंतु रविशंकरांनी या श्रोतृवर्गाविषयीची नाराजी लपविली नाही. चिखलात बसलेला तो समुदाय पाहून आपल्याला म्हशींची आठवण झाली, अशा आशयाचे त्यांनी पुढे लिहिले. रागसंगीत हे नशेचे साथीदार नव्हे, ही त्यांची भूमिका होती. ज्या कलेला हिप्पींनी मुक्तीचे साधन मानले, तिचा साधक मात्र गुरू, रियाज आणि शिस्त यांचा आग्रह धरीत होता. हा विसंवाद केवळ वैयक्तिक आवडीनिवडीचा नव्हता.

त्याचे मर्म नाशिककराला सहज उमगण्यासारखे आहे. वाढविलेल्या जटा, अंगाला भस्म, हाती चिलीम, घरदाराचा त्याग हे दृश्य सिंहस्थात गोदाकाठी आणि त्र्यंबकेश्वरी पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहे. तेथे ते बंडाचे चिन्ह नाही. आखाडे, महंत आणि शाही स्नानाचा ठरलेला क्रम यांनी बांधलेली ती एक काटेकोर व्यवस्था आहे. अमेरिकन तरुणाने लांब केस राखले की बाप हादरत असे. इथे जटाधारी दिसला की वडीलधारी मंडळी हात जोडीत. पश्चिमेकडील बंडखोराने उचललेली वेशभूषा भारतीय तरुणाला बंडासाठी निरुपयोगी होती, ती यामुळे. त्याने विद्युत गिटार उचलली.

१९७१ मध्ये पुणे जिल्ह्यात, लोणावळ्यानजीक मळवली येथे ‘स्नेहयात्रा’ हा खुल्या मैदानावरील रॉक महोत्सव झाला, तो या पार्श्वभूमीवर. भारताचे वुडस्टॉक असा त्याचा उल्लेख होतो. कार्ले-भाजे लेण्यांच्या परिसरातील, मुंबई-पुणे लोहमार्गावरील हे छोटे स्थानक. शहरापासून दूर, तरी रेल्वेने गाठता येण्याजोगे. वुडस्टॉकचा बाह्य आकार येथे आला. पण सक्तीची सैन्यभरती भारतात नव्हती, आणि ज्या समृद्धीचा वीट यावा ती समृद्धीही नव्हती. महाराष्ट्रात तर दुष्काळाची वर्षे सुरू झाली होती. रॉकचा श्रोता मुख्यतः महानगरांतील इंग्रजी शिक्षण घेतलेला तरुण होता. स्टेट्समन समूहाचे, डेसमंड डॉइग यांनी संपादित केलेले ‘जेएस’ हे साप्ताहिक (१९६७-७७) त्याचे वाचन, आणि ‘सिमला बीट’ स्पर्धा हे त्याच्या वाद्यवृंदांचे व्यासपीठ. ही स्पर्धा एका सिगारेटच्या प्रचारासाठी तंबाखू कंपनीने पुरस्कृत केली होती. १९७० व १९७१ मधील तिच्या ध्वनिमुद्रिका आज संग्राहक शोधत असतात. प्रतिसंस्कृतीचे संगीत येथे जाहिरातीच्या बोटाला धरूनच चालू लागले.

तथापि त्या तरुणांना केवळ नक्कल करणारे ठरवून मोकळे होणे अन्यायाचे होईल. चित्रपटसंगीत आणि घरचे वळण या दोहोंबाहेर स्वतःचा असा आवाज शोधणे हेही धाडस होते. मात्र मराठीतील खरी प्रतिसंस्कृती अन्यत्र घडत होती. अ‍ॅलन गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत आला, तेव्हा अशोक शहाणे, अरुण कोलटकर यांच्याशी त्याचा संबंध आला. कोलटकरांनी पुढे स्वतः इंग्रजी गाणी रचली. लघुनियतकालिकांनी प्रस्थापित वाङ्मयीन अभिरुची नाकारली, आणि १९७२ मध्ये ‘गोलपिठा’ व दलित पँथर यांनी तो नकार थेट जातिव्यवस्थेपर्यंत नेला. मळवलीचे मैदान आणि कामाठीपुऱ्याची गल्ली यांत रेल्वेने काही तासांचे अंतर होते, पण या दोन बंडांची गाठ क्वचितच पडली. भाषा आड आली, आणि वर्गही.

गोव्यात चित्र निराळे दिसते. हणजुणे किनाऱ्यावर परदेशी हिप्पी महोत्सवापुरते नव्हे, तर हंगामभर राहिले. त्यांच्या पौर्णिमेच्या मैफलींतून पुढे ‘गोवा ट्रान्स’ हा संगीतप्रकार जन्मला, आणि खोल्या भाड्याने देणाऱ्या गावकऱ्यांचे अर्थकारण बदलले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर चरस-गांजाकडे पाहण्याची शासनाची दृष्टी कठोर झाली. रॉकही पुढे मोकळ्या माळावरून शहरात आला. १९८६ पासून मुंबईच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला.

नाशिकला खुल्या आकाशाखालचा संगीतमहोत्सव मिळाला तो २००८ मध्ये, गंगापूर धरणाच्या परिसरातील द्राक्षमळ्यात, ‘सुलाफेस्ट’च्या रूपाने. त्याचा यजमान वाइन-उत्पादक होता आणि प्रवेश तिकिटानेच होता.