ओनामा: धुळीतलं पहिलं अक्षर



मार्च महिन्यात नातीच्या वहीत लाल शाईचा शेरा आला. 'अक्षर रेघेत नाही. घरी सराव घ्यावा.' नात सव्वाचार वर्षांची. सूनबाई कामावरून आली आणि चहा ठेवता ठेवता म्हणाली, "आई, यांना लहानपणी तुम्हीच शिकवलंत ना? हिचंही जरा बघा. मागे पडेल हो."

मी "बघते" म्हणाले खरं, पण पोटात खड्डा पडला. 'यांना' मी कसं शिकवलं, ते तिला ठाऊक नव्हतं.

माझा मुलगा डावखुरा. १९८९ सालची गोष्ट. मी बी.कॉम. झालेली, हिशेबाला पक्की, आणि लेकराच्या हाताच्या बाबतीत ठार अडाणी. डाव्या हातानं प्रसादसुद्धा घेत नाहीत, मग त्या हातानं अक्षर कसं काढायचं, असंच घरात सगळ्यांचं मत. रोज संध्याकाळी त्याला डावा हात मांडीखाली दाबून बसायला लावायची आणि उजव्या हातानं पानंच्या पानं गिरवून घ्यायची. रेघेबाहेर गेलं की फूटपट्टी. तो लिहायला शिकला. पण पुस्तक आपणहून हातात घेताना मी त्याला कधी पाहिलं नाही.

तेव्हा ठरवलं, नातीला घेऊन बसण्याआधी आपल्याकडे मुलांना पहिलं अक्षर कसं देत होते ते वाचून काढायचं. दोन महिने दुपारच्या वेळी हाच उद्योग केला. त्यातलं जे मनाला लागलं, ते तुम्हाला सांगते.

मांडीवरची शाळा

सुरुवात घरच्याच ग्रंथापासून केली. आचार्य जिनसेनांचं आदिपुराण नवव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातलं. त्यात भगवान ऋषभदेवांनी आपल्या मुलींना, ब्राह्मी आणि सुंदरीला, विद्या दिली तो प्रसंग आहे. आपण तो प्रवचनात शंभर वेळा ऐकलाय. पण या वेळी मी आई म्हणून वाचला, आणि वेगळ्याच गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट, भगवंतांनी लेकींना आधी मांडीवर घेतलं. लाड केले, थट्टा केली, आशीर्वाद दिला. पाटी त्यानंतर आली. दुसरी गोष्ट, अक्षरं आधी त्यांच्या मुखातून आली. म्हणजे आधी ऐकणं, मग लिहिणं. आणि तिसरी वाचताना तर मी पुस्तक मिटून बसले. भगवंतांनी दोन्ही हातांनी लिहिलं. आपली परंपरा सांगते, उजव्या हातानं ब्राह्मीला लिपी शिकवली आणि डाव्या हातानं सुंदरीला अंक. ज्या डाव्या हाताला मी मांडीखाली दाबत होते, त्याच हातानं अंकविद्या जगात आली असं आपलं पुराण सांगतं. आणि मी कॉमर्सची पदवीधर!

याच ग्रंथात मुलाच्या संस्कारांमध्ये 'लिपिसंख्यान' नावाचा संस्कार आहे. अक्षर आणि अंक पहिल्यांदा दाखवण्याचा. त्याचं वय दिलंय पाचवं वर्ष. सव्वातीन नाही, चार नाही. पाचवं.

ओनामा म्हणजे काय?

एखाद्या कामाचा 'ओनामा केला' असं आपण सहज म्हणतो. हा शब्द आला 'ॐ नमः सिद्धम्' यावरून. जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल पहिल्या दिवशी हेच म्हणायचं. लहान तोंडातून त्याचं झालं 'ओनामासिधं', आणि पुढे नुसतं 'ओनामा'. आदिपुराणातही अक्षरमालेच्या आरंभी 'सिद्धं नमः' हेच मंगल आहे. णमोकार मंत्रात आपण सिद्धांना रोज नमस्कार करतो, त्यामुळे ऐकताच आपलं वाटतं. पण तो आपल्या एकट्यांचा नाही. बौद्धांच्या शाळांतही अक्षरओळख 'सिद्धम्' म्हणूनच सुरू व्हायची. ती लिपी बौद्ध भिक्षूंबरोबर चीन-जपानपर्यंत गेली, आणि जपानमध्ये मंत्र लिहिण्याच्या त्या लिपीला आजही 'सिद्धम्' म्हणतात.

सातव्या शतकात इत्सिंग नावाचा चिनी भिक्षू नालंदेत राहून गेला. त्यानं लिहून ठेवलंय की भारतात मुलं सहाव्या वर्षी हे पहिलं पुस्तक सुरू करतात आणि सहा महिन्यांत संपवतात. त्याच्याआधी आलेला ह्युएन त्संग, जो पुलकेशी राजाच्या काळात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला, तो सांगतो की मुलांना आधी बारा प्रकरणं शिकवतात. म्हणजे आपली बाराखडीच! क, का, कि, की. तेराशे-चौदाशे वर्षं झाली, आपण तीच म्हणतोय.

एक गोष्ट पैठणची. कथासरित्सागरात आहे. सातवाहन राजा राणीबरोबर जलक्रीडा करत होता. राणी संस्कृतात म्हणाली, 'मोदकैः', म्हणजे मा उदकैः, पाणी उडवू नका. राजाला संधी कळली नाही. त्यानं मोदक मागवले! राणी हसली, आणि राजा इतका लाजला की अन्नपाण्यावरची वासना गेली. दरबारातल्या एका पंडितानं व्याकरण शिकवायला सहा वर्षं मागितली. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरे. आणि त्यानं 'कातंत्र' हे सोपं व्याकरण तयार केलं. आपल्या जैन पाठशाळांमधून ते शतकानुशतकं शिकवलं गेलं. मला या गोष्टीत सापडलं ते इतकंच की शिकणारा अडला तेव्हा शर्ववर्म्यानं शिकणाऱ्याला बोल लावला नाही. पुस्तक सोपं केलं.

धूळपाटी

आता पाटीकडे येऊ. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात पहिली अक्षरं कागदावर नव्हतीच. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, बोटानं किंवा काडीनं अक्षर काढायचं आणि काढताना मोठ्यानं म्हणायचं. चुकलं की हात फिरवायचा, पाटी पुन्हा कोरी. 'धुळाक्षरं गिरवणं' हा शब्द तिथूनच आला. संध्याकाळी परवचा. पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, सगळं एका सुरात. कान, तोंड आणि हात एकाच वेळी कामाला लागायचे.

या धुळीनं मोठा प्रवास केला. मद्रासमध्ये सैनिकांच्या अनाथ मुलांची एक शाळा होती. तिथे १७८९ पासून अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री काम बघत होता. एका देशी शाळेत मुलं वाळूत अक्षरं काढताना त्यानं पाहिली आणि तीच रीत आपल्या शाळेत आणली. १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापलं. पुढे इंग्लंडमधल्या गरिबांच्या शाळांत लहान मुलांपुढे वाळूचे तक्ते आले. आपण मात्र वाळूकडून पाटीवर आणि पाटीवरून चार रेघी वहीवर आलो. धूळ चूक पुसून टाकते. वही ती जपून ठेवते, वर लाल शेराही जपते.

पण मैत्रिणींनो, जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. पंतोजींची छडीही त्याच शाळेत होती. आणि ज्या परंपरेत पहिली विद्यार्थिनी मुलगी, लिपीला नाव मुलीचं, त्या परंपरेतल्या घरांमधून मुली पंतोजींकडे गेल्याच नाहीत. शिकलेली स्त्री स्त्रियांमध्ये अग्रस्थान मिळवते असं आदिपुराणच सांगतं, तरीही. माझ्या आजीला भक्तामर तोंडपाठ होतं. पोथी हातात धरून ती पानंही बरोबर उलटायची. पण तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

१८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा दार किलकिलं झालं. आपल्या समाजात मुंबईचे सेठ माणिकचंद यांच्या कन्या मगनबाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुढे आल्या. स्वतः तरुणपणी विधवा झालेल्या, त्यांनी विधवांसाठी श्राविकाश्रम काढला. सोलापूरच्या श्राविकाश्रमात पंडिता सुमतीबाई शहांनी किती मुलींना उभं केलं, ते आपल्यातल्या कितीजणींना घरच्या आठवणींतून ठाऊक आहे. आज आपण फोनवर हा लेख वाचतोय, त्यामागे या बायका आहेत.

अंगणातली वाडी

आता शेवटचा टप्पा. १९०७ मध्ये रोममध्ये मारिया माँटेसरी बाईंनी गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह सुरू केलं. त्यांनी खरखरीत कागदाची अक्षरं कापून पाटीवर चिकटवली. मुलानं त्यावरून बोट फिरवायचं आणि तोंडानं आवाज काढायचा. वाचताना मला हसू आलं. ही तर आपली धूळपाटीच!

हा विचार गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी रुजवला. १९२० मध्ये भावनगरला त्यांनी बालमंदिर काढलं. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक १९२३ मध्ये तिथे गेल्या आणि त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे १९४५ मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ, तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या. माँटेसरीची साधनं महाग, खेड्यात कुठून आणणार? मग शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. आधी आंघोळ, गाणी, गोष्टी, खेळ. अक्षर नंतर. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. त्यांचा 'अंगणवाडी' हा शब्द पुढे १९७५ च्या सरकारी योजनेनं उचलला आणि देशभर गेला.

आदिपुराणापासून कोसबाडपर्यंत मी जमाखर्च मांडला, तर शिल्लक एकच राहते. मूल आधी ऐकतं, मग बोलतं, मग बोटानं आकार ओळखतं आणि सगळ्यात शेवटी पेन्सिल धरतं. आपलं श्रुतही आधी ऐकलं गेलं, पाठ झालं, आणि पुष्पदंत-भूतबली आचार्यांनी नंतर ते लिहिलं. आगमांचा जो क्रम, तोच लेकराचा. आपण मात्र घाईनं शेवटची पायरी पहिली केली.

मी काय केलं

सुट्टीत वही कपाटात ठेवून दिली. रोज रात्री मांडीवर घेऊन गोष्ट वाचली, ओळीखालून बोट फिरवत. स्वयंपाक करताना खेळ: 'पा'नं काय सुरू होतं? पाणी, पापड, पाटा, पाल! बोटांना बळ यावं म्हणून कणकेच्या गोळ्या, हरभरे-वाटाणे वेगळे करणं. वाळू स्वच्छ चाळून, जीवजंतू नाही ना पाहून, परातीत पसरली. कोणत्या हातानं काढायचं, ते तिचं तिनं ठरवावं.

श्रुतपंचमीला जिनवाणीची पूजा झाल्यावर तिच्यापुढे परात ठेवली. तिनं आधी सूर्य काढला, मग साप, मग तिच्या नावाचं पहिलं अक्षर. काना तिरका गेला. हात फिरवून पुसला आणि हसत पुन्हा काढला.

माझा मुलगा दारात उभा राहून बघत होता. नात खेळायला गेल्यावर त्याला म्हटलं, "तुझ्या बाबतीत माझं फार चुकलं रे. क्षमा कर." दर वर्षी क्षमावाणीला सगळ्या गावाची क्षमा मागते, ही एक राहून गेली होती. तो काही वेळ बोलला नाही. मग परातीशी बसला आणि डाव्या हाताच्या बोटानं वाळूत 'अ' काढला. म्हणाला, "झालं ते झालं, आई. हिचा हात धरू नका म्हणजे झालं."

सूनबाईला मी आता सगळं सांगितलंय. जूनमध्ये शाळेत जाऊन बाईंशी नीट बोलायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलंय. भांडायला नाही जायचं, फक्त अजून थोडा वेळ मागायचा.

तुमच्या घरी पहिलं अक्षर कशावर काढलं होतं? पाटी, धूळ, तांदूळ? घरातल्या थोरल्यांना विचारा. त्यांना सांगायला आवडेल.

जय जिनेंद्र.